वरचा बाण, मग एंटर

१० मार्च, सोमवार

दोनदा आंघोळ केली, अर्धा साबण संपवला, तरी नाकातून वास जात नाही. सडलेलं अंडं यंत्रात फुटलं की जो येतो तो वास. पुण्याच्या कंपनीने माणसं कमी केली त्यात माझा नंबर लागला, चार महिने गावी, प्रकाशाला, घरी बसून वडिलांचे टोमणे ऐकले, आणि आता नवापूरच्या या हॅचरीत येऊन पडलो. हॅचरी म्हणजे अंडी उबवायचा कारखाना. खोलीएवढी तीन यंत्रं, त्यांत मिळून अठरा हजार अंडी, एकवीस दिवस ऊब, मग पिल्लं. पिल्लांची लव सगळीकडे उडते. आज ती माझ्या डब्यात होती.

यंत्रांची मूळ सर्किटं केव्हाच जळालीत. माझ्या आधीच्या ऑपरेटरने, जोसेफने, एक जुना कॉम्प्युटर जोडून त्यावर प्रोग्राम लिहिला. उष्णता किती, पंखे कधी, ट्रे कधी कलते करायचे, सगळं तोच बघतो. कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, तेवढं एक बरं. पण लाईट गेली की जनरेटर सुरू व्हायला मिनिट लागतं आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो. बॅटरीचा डबा मेलेला, शेठला नवा आणायचा नाही. मग कॉम्प्युटर स्वतः परत उठतो, पण प्रोग्राम उठत नाही. तो दर वेळी हाताने चालू करायचा. हे असलं काम! मॉनिटरखाली चिठ्ठी चिकटवलेली होती, 'लाईट आली की वरचा बाण, मग एंटर.' चिठ्ठीवर वाळलेला बलक. दोन बोटांनी धरून फाडली आणि फेकली.

जोसेफ दोन महिन्यांपूर्वीच सुरतला गेला. मधले दोन महिने ऑपरेटरशिवाय हॅचरी चालली कशी, म्हणून नवनीत शेठला विचारलं. ते म्हणाले, "चालस भई, काय व्हस त्याले!" धन्य आहे.

११ मार्च, मंगळवार

इथे एक 'लाईट वही' आहे. लाईट कधी गेली, कधी आली, आणि शेवटच्या रकान्यात 'चालू कोणी केलं'. जोसेफच्या सह्या आहेत. तो गेल्यापासून त्या रकान्यात नुसते पिवळट डाग. वहीला हात पुसतात की काय इथली माणसं! वही उचलून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

हात पुसणारी म्हणजे रमीबाई गावित. पंचावन्नेक वर्षांची, एकोणीस वर्षं इथेच, यंत्रांमागच्या खोलीत राहते. फुटलेली अंडी उचलणं, ट्रे धुणं, मेलेली पिल्लं वेगळी काढणं. घरी मावची ही आदिवासी बोली बोलते, आमच्याशी बाजारातली अहिराणी. अहिराणी माझ्या घरचीच आहे, पण तिच्याशी मी मुद्दाम शुद्ध मराठी बोलतो, नाहीतर ही माणसं डोक्यावर बसतात. तिने ओल्या, चिकट हाताने चहा आणून दिला. घेतला आणि बाहेर जाऊन ओतला.

१२ मार्च, बुधवार

झालं काम. दोन तासांत. जोसेफचा प्रोग्राम तोच ठेवला, फक्त त्याची रीतसर 'सेवा' बनवली. कॉम्प्युटर जागा झाला की कोणकोणत्या कामांना उठवायचं याची यादी त्याच्याकडे असते, आपलं काम तिच्यात गेलं की माणसाची गरज संपते. जगभर असंच चालतं, नवापूरला अजून चिठ्ठ्या चिकटवतात. सेवेची फाईल लिहिली, आज्ञा दिली, पडद्यावर हिरवा ठिपका आला, पंखे घुरघुरू लागले.

एकदा वीज बंद करून पाहतो म्हटलं तर शेठने हातच जोडले. "अंडा भरेल शेतस, मशीन बंद कराना नाव काढू नको." ठीक आहे. परीक्षा लाईटवाले घेतीलच.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. लाईट अकराला गेली. मी खोलीवर होतो, रंगाचा तिटकारा आहे मला. यंत्रांच्या उष्णतेचे आकडे मी फोनवर बघतो, ते बंद झाले आणि थोड्या वेळाने परत आले. पास! नोंद बघितली तर कॉम्प्युटर उठल्यावर पाच मिनिटांनी प्रोग्राम चालू झालेला. जुनं यंत्र आहे, म्हाताऱ्यासारखं कण्हत उठतं. लाईट वहीत शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'आपोआप.' लिहिताना बरं वाटलं.

१९ मार्च, बुधवार

कीबोर्ड! सकाळी बघतो तर वरच्या बाणावर आणि एंटरवर बलकाचे ठसे, त्यावर चिकटलेली लव. रमीबाईला बोलावून विचारलं, "याला हात लावला तुम्ही?" ती म्हणाली, "हा साहेब, लाईट वुनी तव्हय..." मी पुढचं ऐकलंच नाही. म्हटलं, लाईट आली काय, गेली काय, हा घाणेरडा हात इथे लागता कामा नये. मान हलवून गेली. स्पिरिटने सगळा कीबोर्ड पुसला, मग स्वतःचे हात पुसले.

२३ मार्च, रविवार

आज प्रोग्राम उठायला चाळीस मिनिटं लागली. चाळीस! मागच्या रविवारीही अशीच नोंद आहे. बाकी दिवशी पाच-सहा मिनिटं. रविवारी विजेचा दाब कमी असतो का? गिरण्या, कारखाने बंद, म्हणजे उलट जास्त असायला हवा. कदाचित त्यामुळेच जुना कॉम्प्युटर बिचकत असेल. बघू कधीतरी.

आजचा अंडी फुटण्याचा आकडा: सात. एक माझ्या बुटावर.

२ एप्रिल, बुधवार

पहिला लॉट निघाला. नव्वद टक्क्यांवर पिल्लं. शेठ हॅचरीभर मला घेऊन फिरले, पाहुण्यांना दाखवावं तसं. "कोणी हात नही लायना, आपोआप!" असं वजन करणाऱ्या माणसालाही सांगितलं. मग ऑफिसात बसवून म्हणाले, "आजून एक लॉट असाच निंघू दे. नवी हॅचरी बांधी ऱ्हायनू ना, ती तुन्हा हातम्हा. आनि मांगली खोली तुन्हं ऑफिस."

मागची खोली म्हणजे रमीबाईची. मी विचारलं, बाईंचं काय? "रातनी राखण कराले व्हती ती. आते आपोआप शे, मंग कशाले?"

कोणाच्या पोटावर पाय मी देत नाहीये, तंत्रज्ञान देतंय. पुण्यात माझ्या पोटावर दिला तेव्हा कोणी हळहळलं होतं?

८ एप्रिल, मंगळवार

दुसरा लॉट भरला. एकोणतीस तारखेला पिल्लं निघतील. ही सगळी अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या बायकांच्या गटांना जायची आहेत, रूपलीबाई म्हणून त्यांची पुढारी आहे, ती स्वतः येऊन अंडी बघून गेली. कानाला लावून ऐकत होती. पहिल्या दिवशी काय ऐकू येणार, कपाळ!

१२ एप्रिल, शनिवार

कीबोर्डवर आता डाग नसतात. ओरडण्याचा उपयोग झाला. पण गंमत बघा, नेमक्या त्या दोन कळा, बाण आणि एंटर, बाकीच्यांपेक्षा चकचकीत झाल्यात. बाई पुसतही असेल तर दोनच कळा पुसते. कामाचा किती तो कंटाळा!

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. पहाटेपासून चर्चकडून गाणी. लाईट दोनदा गेली, दोन्ही वेळा चाळीस मिनिटं. हे रविवारचं गौडबंगाल शोधायलाच हवं, पण लॉट निघाल्यावर. आता कशाला हात लावायचा? चालतंय ना.

शेठने आज रमीबाईला सांगून टाकलं. सणाच्या दिवशी. मला म्हणाले, "सणना दिन माणूस खूश ऱ्हास, वाईट कमी लागस." असल्या माणसाच्या हाताखाली मी काम करतो.

२१ एप्रिल, सोमवार

रमीबाई गेली. एक पत्र्याची पेटी, एक गोधडी, बस्स. जायच्या आधी माझ्या दारात आली. शेवटपर्यंत ट्रे धूत होती, कोपरापर्यंत फुटक्या अंड्याचं पाणी ओघळत होतं आणि वास असा की डोळ्यांत पाणी यावं. कीबोर्डकडे हात करून काहीतरी सांगू लागली. "साहेब, ते..." एवढंच ऐकलं. तो हात आता टेबलावर टेकणार, या भीतीने मी नाक धरलं, "बरं बरं, या आता," म्हणालो आणि दार लावून घेतलं. नंतर थोडं ओशाळल्यासारखं झालं. पण मला खरंच उलटी आली असती.

तिच्या खोलीत माझं टेबल लावलं.

२४ एप्रिल, गुरुवार

प्रकाशाला आलोय, बहिणीच्या सासरच्यांना घरी जेवण. बाराला फोनवर आकडे थांबले. लाईट गेली असणार, येतील पाच मिनिटांत. आले नाहीत. तापीकाठाला रेंज कुठे धड असते! वडील पाहुण्यांना सांगत होते, "आमना जगदीशनी अशी मशीन करी की माणूस लागसच नही." पहिल्यांदा त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं. दोनदा आमरस घेतला.

२५ एप्रिल, शुक्रवार

मेली. सगळी.

सकाळी साडेआठला पोचलो. दार उघडलं आणि पंख्यांची घुरघुर नव्हती. यंत्रांचे दिवे लागलेले, कॉम्प्युटर चालू, पडद्यावर रिकामी ओळ, टोकाला लुकलुकणारी रेघ. वीस तास पंखे बंद, आणि बाई गेल्यावर मी नसताना आत फिरकणारं कोणी नव्हतं. सोळाव्या दिवसाच्या अंड्यात पिल्लू असतं, ते स्वतःच गरम असतं. वारा नसला की एकमेकांच्या उष्णतेने ती उकडतात. बाहेर बेचाळीस अंश. एक अंडं फोडलं. पिसं फुटलेली, चोच, मिटलेले डोळे. दुसरं फोडलं. तिसरं फोडलं नाही, बाहेर जाऊन ओकलो.

शेठ आले. मी म्हणालो, लाईटचा झटका बसला, सर्किट गेलं असेल. माझ्या तोंडून हे इतकं सहज निघालं. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ती बाई जाता जाता काही करी तर नही गयी?" मी मान हलवली नाही. नाही म्हणालो नाही. हो म्हणालो नाही. वास अंड्यांचा होता, पण आज मला माझाच आला.

२६ एप्रिल, शनिवार

दिवसभर नोंदी वाचल्या. वाचायच्या होत्या दीड महिन्यापूर्वी.

सेवा 'चालू कर' म्हणायची एक आज्ञा असते. आणि 'दर वेळी उठल्यावर चालू कर' म्हणून यादीत घालायची वेगळी आज्ञा. मी पहिली दिली होती. दुसरी दिलीच नव्हती. हिरवा ठिपका बघून खूश होऊन निघून गेलो. शिकाऊ पोरालाही माहीत असतं हे.

माझी सेवा आयुष्यात एकदाच चालली आहे, बारा मार्चपासून चौदा मार्चला लाईट जाईपर्यंत. तेव्हापासून बाई जाईपर्यंत तेवीस वेळा लाईट गेली आणि तेवीस वेळा प्रोग्राम जोसेफच्या नावाने, या खोलीतल्या कीबोर्डवरून चालू झालाय. कॉम्प्युटर उठल्यावर जोसेफचंच खातं उघडतं, माझं वेगळं आहे. वरचा बाण दाबला की त्याने शेवटची लिहिलेली ओळ येते. मग एंटर.

रात्री-बेरात्री पाच मिनिटं, म्हणजे मागच्या खोलीतून उठून यायला लागणारा वेळ. रविवारी चाळीस. चर्च गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, चालत चाळीसच मिनिटं लागतात. चर्चमधले पंखे थांबले की ती प्रार्थनेतून उठत असणार.

लाईट वही काढली. जोसेफ गेल्यानंतरच्या रकान्यातले पिवळे डाग उजेडात धरले. हात पुसलेले नाहीत. अंगठे आहेत. तिने प्रत्येक वेळी अंगठा केलाय. त्यांच्याखाली माझं अक्षर, आपोआप, आपोआप, आपोआप.

२७ एप्रिल, रविवार

रमीबाईचं गाव गुजरातच्या हद्दीला लागून डोंगरात आहे. मोटारसायकल पायथ्याशी ठेवून चढलो. ती अंगणात महू, म्हणजे मोहाची फुलं, वाळत घालत होती. मला बघून आधी हात पदराला पुसले. मी काही बोलायच्या आत तिनेच विचारलं, "पिल्ले बरा शेतस ना, साहेब?"

सांगितलं. ती खाली बसली. महू उगाच इकडून तिकडे सारू लागली.

मी विचारलं, आणि पहिल्यांदाच माझ्या घरच्या बोलीत विचारलं, "बाई, मशीन तुम्ही उठाडेत व्हतात?"

"मंग कोण? जोसेफनी शिकाडेल शे. वरला बाण, मंग मोठी कळ. काय लिखेल शे ते मले काय माहीत? पंखा घुरघुर कराले लागना म्हंजे उठ्यं."

"मी हात लावू नका म्हणालो होतो."

"हात कोठे लावा? तुम्हले घाण वाटस म्हनीसन बोटले पदर गुंडायू. चांगला धुयेल पदर."

म्हणून त्या दोन कळा चकचकीत होत्या.

"मग मला सांगितलं का नाही? निदान जाताना तरी?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी विसरलो की काय, असं. "सांगालेच उनथू ना साहेब. तुम्ही नाक धरं आनि दार लाई लिधं."

तिने चहा दिला, त्याच ओल्या हाताने. सगळा प्यायलो.

२८ एप्रिल, सोमवार

शेठला सगळं सांगितलं. सर्किट नाही, लाईट नाही, बाई नाही, मी. एक आज्ञा द्यायची राहिली आणि ज्या बाईमुळे ते झाकलं गेलं तिलाच माझ्यामुळे तुम्ही काढलंत. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "मंग दीड महिना तू काय कयं, भई?"

नव्या हॅचरीचं नाव निघालं नाही. मी मे अखेरपर्यंत राहायचं, दुसरा माणूस मिळेपर्यंत. बाईंना आजच निरोप गेला. "मशीनवर मन्हा भरोसा नही आते," शेठ म्हणाले. "ती बाई जोयजे."

अंडी पुरायचं काम कोणा मजुराला सांगू दिलं नाही. मागच्या शेतात खड्डा काढला आणि दिवसभर एकटाच टोपलीने वाहिली. फुटत होती. कोपरापर्यंत ओघळत होती. कोणीतरी पाणी घेऊन आलं, पण नाक धरून लांबच उभं राहिलं.

२९ एप्रिल, मंगळवार

आज पिल्लं निघायची होती. निरोप पोचला नाही की काय, अक्कलकुव्याकडची जीप आलीच. चौदा बायका, प्रत्येकीकडे बांबूची टोपली, आत मऊ गवत अंथरलेलं. रूपलीबाईला सांगितलं, माझी चूक. ती म्हणाली, "सगळी?" मी म्हणालो, "सगळी." तिने वाकून टोपलीतलं गवत काढलं आणि आमच्या फाटकाजवळ ठेवलं. मग बाकीच्यांनीही तिथेच ठेवलं. ते गवत मी अजून उचललेलं नाही.

२ मे, शुक्रवार

रमीबाई आली. खोलीतून माझं टेबल सकाळीच हलवलं होतं.

यंत्रं रिकामी आहेत, म्हणून पहिल्यांदा जे पहिल्या दिवशी करायचं होतं ते केलं. दुसरी आज्ञा दिली, सेवा यादीत घातली, आणि सरळ मुख्य खटका पाडला. हात मागे बांधून उभा राहिलो. अडतीस सेकंद. पंखे घुरघुरू लागले. पाच वेळा खटका पाडला, पाच वेळा तेच.

म्हणजे आज खरोखर तिची गरज उरली नाही. शेठला हे सांगितलेलं नाही.

४ मे, रविवार

काल नवी अंडी भरली. आज नऊ पन्नासला लाईट गेली. मी यंत्रांपाशीच होतो. जनरेटर, मग कॉम्प्युटर, मग पंखे. मी कशाला बोटही लावलं नाही.

साडेदहाला रमीबाई धापा टाकत आत आली. चर्चची पांढरी साडी, पायात धूळ, आणि पदराचं टोक बोटाला आधीच गुंडाळलेलं. पंख्यांकडे कान दिला. "उठ्यं?"

"उठ्यं."

"कोणी उठाडं? तुम्ही?"

"नाही."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग बोटावरचा पदर हळूहळू सोडवला. "मंग मी आते काय करू?" असं विचारलं, मला की पडद्याला कळलं नाही.

मी ड्रॉवरमधून लाईट वही काढली. गेली ९.५०, जनरेटर ९.५१. शेवटच्या रकान्यात 'रमीबाई गावित' लिहिलं. वरची माझी तेवीस आपोआप एकेक करून खोडली आणि प्रत्येकापुढे तेच नाव लिहिलं. ती शेजारी उभी राहून बघत होती. तिला वाचता येत नाही.

"काय लिखं, साहेब?"

"तुमचं नाव. शेठ वही बघतात."

"नाव कशाले? अंगठा चालस." बाहेर जाऊन आली तेव्हा अंगठ्याला बलक लागलेला होता. तिने वही ओढून घेतली आणि आजच्या ओळीत अंगठा टेकवला. मी वही उघडीच ठेवलीय, वाळेपर्यंत.